जर्मनी ते स्वित्झर्लंड: माल पाठवायचा तर कागद कसे लावावेत

बाझेलला राहणारा माणूस ट्रामने ऱ्हाइनच्या पलीकडे जर्मनीतल्या वाइल-आम-ऱ्हाइनला भाजी आणायला जातो आणि अर्ध्या तासात परत येतो. पासपोर्ट कुणी विचारत नाही, कारण स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात आहे. यावरून मालाचीही सीमा उरलेली नाही असं अनेकांना वाटतं आणि पहिली खेप तिथेच अडकते. स्वित्झर्लंड युरोपियन संघाच्या कस्टम युनियनमध्ये नाही. मालासाठी ही सरळसरळ परदेशी सीमा आहे. फक्त १९७२ च्या मुक्त व्यापार करारामुळे औद्योगिक मालावर ड्युटी नाही, तेही मूळ देशाची, म्हणजे माल मुळात कुठे तयार झाला याची, अट पाळली तर.

त्यातच १ जानेवारी २०२४ पासून स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरची आयात ड्युटी सगळ्याच देशांसाठी काढून टाकली. त्यामुळे दोन दिशांचे नियम आता सारखे राहिलेले नाहीत. जर्मनीतून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या यंत्राच्या भागांना मूळ देश कुठलाही असो, ड्युटी शून्य. उलट दिशेने मूळ देशाचा पुरावा नसेल तर युरोपियन संघाची पूर्ण ड्युटी. हा फरक डोक्यात पक्का बसवून मगच पुढचं वाचा. नव्या माणसाचं नुकसान होतं ते बहुतेक इथेच.

खाली एकच उदाहरण धरून चालू. जर्मनीत श्टुटगार्टजवळचा एक लहान कारखाना स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या ग्राहकाला पंप पाठवतो आहे: दोन पॅलेट, ढोबळ वजन ६४० किलो, किंमत ८,४०० युरो.

माल बांधण्याआधी

पहिलं काम एचएस कोडचं, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकाचं. पहिले सहा आकडे दोन्ही देशांत सारखे असतात, पंपासाठी ८४१३ ने सुरू होणारे. सातवा-आठवा आकडा मात्र ज्याचा त्याचा. जर्मन निर्यात घोषणेत युरोपियन संघाचा आठ आकडी कोड लागतो, स्विस बाजूला स्विस टॅरिफचा आठ आकडी. स्विस टॅरिफ ‘टारेस’ नावाने इंटरनेटवर फुकट बघता येतं. जर्मन कोड जसाच्या तसा स्विस कस्टम एजंटला देऊ नका. सहा आकडे, मालाचं साध्या शब्दांतलं वर्णन आणि शक्य असेल तर उत्पादनाचं माहितीपत्रक द्या, पुढचे आकडे तो लावेल. ‘सुटे भाग’ हे वर्णन चालत नाही. ‘पाण्यासाठी सेंट्रिफ्युगल पंप, विजेच्या मोटरसह’ असं लिहावं लागतं.

दुसरं, माल निर्यात नियंत्रणाच्या यादीत आहे का ते बघा. पंप आणि व्हॉल्व्ह यांत हा प्रश्न खरोखर येतो: गंज न चढणाऱ्या खास धातूचे किंवा फ्लोरोपॉलिमरचं अस्तर असलेले रासायनिक पंप दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी, वापराच्या यादीत बसू शकतात. यादीतल्या बऱ्याच वस्तूंना स्वित्झर्लंडसाठी ईयू००१ नावाचा सर्वसाधारण परवाना चालतो, पण त्यासाठीही नोंदणी लागते. माल यादीत नसेल तर घोषणेत वाय९०१ हा कोड टाकतात. तपासणी न करता हा कोड टाकणं म्हणजे खोटी घोषणा. एजंटने विचारलं की डोळे मिटून ‘हो’ म्हणायची सवय लावून घेऊ नका.

तिसरं, ग्राहकाशी डिलिव्हरीची अट ठरवा. इथे बारकाईने बघायला हवं, कारण भांडणं सगळ्यात जास्त याच एका ओळीवरून होतात.

जर्मन विक्रेत्यांना डीडीपी, म्हणजे ड्युटी-करासह घरपोच माल, देण्याची हौस असते: ‘तुम्ही काही करू नका, सगळं आमच्याकडे.’ डीडीपीमध्ये स्विस व्हॅटही विक्रेत्याने भरायचा असतो. विक्रेता स्वित्झर्लंडमध्ये व्हॅटसाठी नोंदलेला नसेल तर तो भरलेला व्हॅट त्याला परत मिळत नाही. ग्राहकालाही वजावट घेता येत नाही, कारण आयातदार म्हणून त्याचं नाव कागदावर नसतं. ८.१ टक्के सरळ पाण्यात. नोंदणी हवी असेल तर स्वित्झर्लंडमध्ये कर प्रतिनिधी नेमावा लागतो. वर्षाला दोन-चार खेपांसाठी ते परवडत नाही. ग्राहक कंपनी असेल तर डीएपी घ्या, म्हणजे माल दारापर्यंत तुमचा, आयातीचे कर ग्राहकाचे. आयातदार ग्राहक, व्हॅट त्याचा, वजावटही त्याचीच. ग्राहकाला कटकट नको असेल तर बाजारात रुळलेला मधला मार्ग आहे: कस्टमचा खर्च विक्रेत्याकडे, व्हॅट ग्राहकाकडे. बिलावर तो ‘ड्युटी भरलेली, व्हॅट न भरलेला’ अशा शब्दांत स्पष्ट लिहावा लागतो.

बिल कसं असावं

स्विस एजंट बिलावरूनच घोषणा भरतो. बिलात जे नसेल ते तो फोन करून विचारणार, आणि तोपर्यंत ट्रक उभा. म्हणून बिलावर हे सगळं हवं: विक्रेत्याचं पूर्ण नाव-पत्ता आणि ईओआरआय क्रमांक (युरोपियन संघातला कस्टम नोंदणी क्रमांक), ग्राहकाचं नाव-पत्ता आणि त्याचा स्विस यूआयडी क्रमांक (कंपनीचा ओळख क्रमांक), माल उतरवायचा पत्ता वेगळा असेल तर तोही, प्रत्येक ओळीला कोड, नग, निव्वळ वजन, किंमत, मूळ देश, एकूण ढोबळ वजन आणि पॅलेटची संख्या, चलन, डिलिव्हरीची अट ठिकाणासह, म्हणजे नुसतं ‘डीएपी’ नव्हे तर ‘डीएपी विंटरथुर’. जर्मन व्हॅट लावू नका, ‘करमुक्त निर्यात’ असा उल्लेख मात्र करा.

बिल आणि पॅकिंग लिस्ट यांतली वजनं जुळलीच पाहिजेत. स्वित्झर्लंडची शेतमालावरची ड्युटी ढोबळ वजनावर, दर १०० किलोमागे आकारली जाते. त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याची नजर वजनाच्या आकड्यावर आधी जाते. पंपाला ड्युटी नसली तरी ६४० किलोच्या जागी ४६० लिहिलेलं त्याच्या लगेच लक्षात येतं.

नमुन्याचा किंवा फुकट बदली दिलेला भाग असेल तर किंमत शून्य लिहू नका. खरी किंमत लिहा आणि ‘फक्त कस्टमसाठी, रक्कम देय नाही’ अशी टीप द्या.

मूळ देशाचा पुरावा

ड्युटीच नाही तर हा कागद कशाला, असं कारखानदार विचारतो. पंप विंटरथुरच्या इमारतीत बसून तिथेच राहणार असेल तर खरंच गरज नाही. पण ग्राहक तो पंप स्वतःच्या यंत्रात बसवून ते यंत्र फ्रान्सला किंवा परत जर्मनीला विकत असेल तर त्याला तुमच्या भागाचा युरोपियन मूळ देश दाखवावा लागतो. नाहीतर त्याच्या यंत्राची सवलत जाऊ शकते. तेव्हा ऑर्डर घेतानाच विचारा. सहा महिन्यांनी मागितला तर मागल्या तारखेचे कागद जमवताना दमछाक होते.

एका खेपेतला पात्र माल ६,००० युरोपर्यंतचा असेल तर कुठलाही निर्यातदार बिलावर मूळ देशाचं निवेदन लिहू शकतो. स्विस निर्यातदारासाठी ही मर्यादा १०,३०० फ्रँक. निवेदनाचा मजकूर करारात ठरवून दिलेला आहे. तो शब्दशः उतरवायचा, स्वतःच्या भाषेत सुधारायचा नाही. खाली ठिकाण, तारीख, नाव, सही. आपले पंप ८,४०० युरोचे, म्हणजे मर्यादेच्या वर. मग दोनच मार्ग: कस्टम कार्यालयातून ईयूआर-१ प्रमाणपत्र, किंवा कंपनीने आधीच ‘मान्यताप्राप्त निर्यातदार’ हा दर्जा घेतलेला असणं. तो दर्जा असेल तर कितीही किमतीला बिलावरचं निवेदन पुरतं, फक्त त्यात परवाना क्रमांक टाकावा लागतो. महिन्याला दोन-तीन खेपा जात असतील तर हा दर्जा घ्याच.

ईयूआर-१ म्हणजे हिरव्या जाळीदार नक्षीचा छापील फॉर्म. खरडून पुसणं किंवा वर गिरवणं चालत नाही. चूक झाली तर शब्द रेघ मारून खोडायचा, बरोबर शब्द लिहायचा, बाजूला छोटी सही करायची आणि कस्टमचा शिक्काही घ्यायचा. व्हाइटनर लावलेला फॉर्म सरळ परत येतो.

‘मेड इन जर्मनी’ ही पट्टी पुरावा नव्हे. करारातला मूळ देश यादीतल्या नियमांनी ठरतो: बाहेरून आणलेला किती माल वापरला, त्यावर किती प्रक्रिया झाली. १ जानेवारी २०२५ पासून स्वित्झर्लंड आणि युरोपियन संघ यांच्यात सुधारित पॅन-युरो-मेड नियम, म्हणजे युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांचे मूळ देशाबद्दलचे सामाईक नियम, लागू झाले. ते बऱ्याच वस्तूंसाठी सैल आहेत. औद्योगिक मालात बाहेरचा माल वापरायची सर्वसाधारण सूट १० वरून १५ टक्क्यांवर गेली आणि पुराव्याची मुदत ४ वरून १० महिने झाली. जुने हिशेब तपासून बघा. आधी न बसणारा माल आता बसत असेल.

तुम्ही स्वतः बनवत नसाल, नुसते विकत असाल, तर तुमच्या पुरवठादाराकडून ‘पुरवठादाराचं निवेदन’ घ्या. एकाच निवेदनात जास्तीत जास्त २४ महिन्यांचा काळ बसतो. त्याची संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. मुदत संपलेल्या कागदावर निवेदन लिहिलं आणि नंतर पडताळणी आली तर ते खोटं ठरतं आणि ड्युटीचा भार ग्राहकावर येतो.

जर्मन बाजूची निर्यात घोषणा

इथे रकमेच्या तीन पायऱ्या आहेत. किंमत १,००० युरोपर्यंत आणि वजन १,००० किलोपर्यंत असेल आणि मालावर काही बंदी-निर्बंध नसतील, तर सीमेवर बिल दाखवून तोंडी घोषणा चालते. त्याच्या वर ३,००० युरोपर्यंत इलेक्ट्रॉनिक घोषणा लागते, पण ती थेट सीमेवरच्या कस्टम कार्यालयात करता येते. ३,००० च्या वर दोन टप्पे: आधी कारखान्याच्या भागातल्या कार्यालयात घोषणा आणि मालाची तपासणीची संधी, मग सीमेवर बाहेर पडल्याची नोंद. एकाच ग्राहकाला एकाच वेळी जाणारी खेप तीन बिलांत तोडून मर्यादेखाली आणता येत नाही.

आपले पंप दोन टप्प्यांत जाणार. घोषणा जर्मन कस्टमच्या ‘आटलास’ या संगणक प्रणालीत भरायची. लहान कारखान्यांसाठी कस्टमचं इंटरनेट पोर्टल आहे, नाहीतर एजंटकडून. माल कारखान्यातूनच भरायचा असेल तर तशी विनंती घोषणेतच करा आणि किमान एक कामाचा दिवस आधी. अधिकाऱ्याला तपासायला यायचं असेल तर तेवढा वेळ मिळाला पाहिजे. शुक्रवारी दुपारी चारला घोषणा आणि पाचला ट्रक, हे जमत नाही. मंजुरी मिळाली की एमआरएन नावाचा १८ अक्षरी क्रमांक आणि बारकोड येतो. तो ड्रायव्हरकडे गेलाच पाहिजे.

सीमेवरची सगळ्यात महागडी चूक अगदी साधी असते. वाइल-आम-ऱ्हाइनच्या महामार्गावर जर्मन आणि स्विस कस्टम एकाच आवारात बसतात. घाईतला ड्रायव्हर जर्मन खिडकी सोडून थेट स्विस खिडकीवर जातो. माल पोहोचतो, ग्राहक खूश, पण जर्मन प्रणालीत तो देशाबाहेर पडलाच नाही अशी नोंद राहते. ९० दिवसांनी विचारणा येते. १५० दिवसांत उत्तर नसेल तर घोषणा रद्द होऊ शकते. आणि बाहेर पडल्याची नोंद हाच जर्मन व्हॅट न लावण्याचा पुरावा असतो. करखात्याने सूट नाकारली तर ८,४०० ही रक्कम व्हॅटसह धरून १९ टक्क्यांचा हिशेब होतो: १,३४१ युरो खिशातून.

म्हणून माल गेल्यापासून आठवड्याभरात बाहेर पडल्याचं इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र आलं का ते बघायची पद्धत पाडा. जर्मनमध्ये त्याला ‘आउसगांग्सफेरमेर्क’ म्हणतात. ते बिलाच्या प्रतीला जोडून ठेवा. आलं नसेल तर ग्राहकाकडून स्विस आयातीचा कर आकारणी आदेश मागा. पर्यायी पुरावा म्हणून तो चालतो. पण तो लगेच मागावा, दोन वर्षांनी ग्राहकाचा हिशेबनीस बदललेला असतो.

स्विस बाजू

आयात घोषणा स्विस एजंट करतो. त्याला आदल्या दिवशीच बिल, पॅकिंग लिस्ट, असेल तर ईयूआर-१, आणि ग्राहकाचा यूआयडी पाठवा. ग्राहकाचं कस्टमकडे झेड-ए-झेड खातं आहे का, हेही विचारून घ्या. खातं असेल तर व्हॅटचं बिल थेट त्याच्याकडे जातं. नसेल तर एजंट आधी स्वतः भरतो आणि त्याबद्दल टक्केवारीने कमिशन लावतो. नियमित ग्राहकाला खातं उघडायला सांगणं हे त्याच्याच फायद्याचं आहे.

व्हॅट मालाच्या नुसत्या किमतीवर नाही, तर माल पोहोचण्याच्या ठिकाणापर्यंतचा सगळा खर्च धरून लागतो. पंप ८,४०० युरो, वाहतूक २६०, कस्टम एजंट ६० धरा: ८,७२० युरो. त्या दिवशीचा कस्टमचा विनिमय दर समजा युरोला ०.९४ फ्रँक असेल तर ८,१९६.८० फ्रँक, त्यावर ८.१ टक्के म्हणजे ६६३.९४ फ्रँक. पुस्तकं, औषधं आणि खाद्यपदार्थांना कमी दर, २.६ टक्के.

नंतर दोन इलेक्ट्रॉनिक आदेश निघतात, एक ड्युटीचा आणि एक व्हॅटचा. व्हॅटच्या आदेशावर आयातदार म्हणून ग्राहकाचं बरोबर नाव असेल तरच त्याला वजावट मिळते. एजंटचं नाव, जुना पत्ता, बहीण कंपनीचं नाव, असं काही पडलं असेल तर ते लगेच दुरुस्त करून घ्यावं लागतं. एजंटचं बिल म्हणजे हा आदेश नव्हे. ग्राहकाने तो स्वतः प्रणालीतून उतरवून जपून ठेवायचा असतो.

लहान पार्सलला एक सवलत आहे. व्हॅट ५ फ्रँकच्या आत येत असेल, म्हणजे ८.१ टक्क्यांच्या दराने पोस्टेजसह साधारण ६१ फ्रँकपर्यंत, तर तो घेत नाहीत. पण अशी लहान पार्सलं विकून वर्षाला १,००,००० फ्रँकची उलाढाल झाली की विक्रेत्याला स्विस नोंदणी बंधनकारक आहे.

ट्रकचं वेळापत्रक वेगळं बघा. स्वित्झर्लंडमध्ये ३.५ टनांवरच्या मालवाहू गाड्यांना रात्री १० ते पहाटे ५ आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी बंदी आहे. शिवाय किलोमीटर आणि वजनावर आकारला जाणारा जड वाहन कर भरावा लागतो. जर्मनीत ७.५ टनांवरच्या गाड्यांना रविवारी रात्री १० पर्यंत बंदी. म्हणजे रविवारी रात्री १० ला निघालेला ट्रक सीमेवर सोमवारी पहाटे ५ ची वाट बघत उभा राहतो. मालाची कस्टम तपासणी प्रत्येक पुलावर होत नाही. वाइल, ऱ्हाइनफेल्डन, टायिंगन यांसारख्या ठरलेल्या नाक्यांवरूनच जा आणि त्यांच्या वेळा आधी बघा. अनेक ग्राहकांचा माल भरलेल्या गाडीत तुमची दोन पॅलेट असतील तर कागद अपुरा असल्यावर वाहतूकदार तुमचा माल सीमेआधीच गोदामात उतरवून पुढे जातो. बाकीच्या वीस जणांना तो थांबवणार नाही, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

उलट दिशा, आणि सोलापूरचे टॉवेल

स्वित्झर्लंडहून जर्मनीला येताना आयातदाराला ईओआरआय क्रमांक लागतो. व्हॅट १९ किंवा ७ टक्के. जर्मनीत कस्टमकडे लांबणीवर पैसे भरण्याचं खातं असेल तर आयात व्हॅट पुढच्याच्या पुढच्या महिन्याच्या २६ तारखेला भरता येतो, तोपर्यंत बहुतेकदा वजावटही झालेली असते.

अडचण मूळ देशाची. समजा बाझेलच्या व्यापाऱ्याने सोलापूरहून टेरी टॉवेल मागवले. स्वित्झर्लंडमध्ये ड्युटी शून्य, फक्त व्हॅट. त्यातले १,००० नग, ४ युरोप्रमाणे, त्याने तासाभराच्या अंतरावर फ्रायबुर्गच्या दुकानाला विकले. टॉवेल स्विस झालेले नाहीत. नवं लेबल लावणं, घडी घालून खोक्यात भरणं, संच करणं याने मूळ देश बदलत नाही. म्हणून मुक्त व्यापार कराराची सवलत नाही आणि युरोपियन संघाचा सर्वसाधारण १२ टक्के दर लागतो: ४८० युरो, शिवाय त्यावर व्हॅट. या मालावर स्विस मूळ देशाचं निवेदन लिहिणं हा गुन्हा आहे, चूक नव्हे.

योग्य मार्ग माल येण्याआधीचा आहे. जर्मनीत किती जाणार हे माहीत असेल तर तेवढा भाग सरळ जर्मनीत आयात करा. भारतीय मूळ देशामुळे मिळणारी काही सवलत त्या वेळी लागू असेल तर ती अशा थेट खेपेलाच पदरात पाडून घेणं सोपं असतं. माहीत नसेल तर माल स्विस कस्टम गोदामात ठेवा, आयात करूच नका, आणि लागेल तसा टी-१ कागदावर, म्हणजे कर न भरता कस्टमच्या देखरेखीखाली, पुढे पाठवा. यात स्विस व्हॅटचे पैसेही अडकत नाहीत.

शेतमालाला यातलं सगळंच लागू नाही. चीजचा व्यापार २००७ पासून दोन्हीकडे मुक्त आहे, पण मांस, भाज्या, धान्य यांना कोटे आणि जड दर आहेत. वैद्यकीय उपकरणांचंही वेगळं: २६ मे २०२१ पासून परस्पर मान्यता उरलेली नाही, स्वित्झर्लंडमध्ये अधिकृत प्रतिनिधी नेमून त्याचं नाव मालासोबत द्यावं लागतं.

परत येणारा माल

प्रदर्शनाचा माल आणि कारागिरांची हत्यारं एटीए कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कस्टम कागदावर, न्या. जर्मनीत ते उद्योग-व्यापार मंडळाकडून मिळतं, मुदत एक वर्ष. यादीत प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहा. स्क्रू, गोंद, वाटायची माहितीपत्रकं यांसारखं संपणारं सामान कार्नेटवर बसत नाही, त्याची आयात वेगळी करावी लागते. चार शिक्के लागतात: जर्मनीतून जाताना, स्वित्झर्लंडमध्ये शिरताना, तिथून निघताना, जर्मनीत परतताना. तिसरा बहुधा विसरतो, कारण प्रदर्शन संपल्यावर सगळ्यांना घरी जायची घाई असते. तो नसेल तर माल स्वित्झर्लंडमध्येच राहिला असं धरून कर मागतात.

विंटरथुरचा एखादा पंप बिघडून परत आला तर साध्या बिलावर ‘नादुरुस्त’ लिहून पाठवू देऊ नका. मूळ निर्यातीचा एमआरएन, मूळ बिल आणि पंपावरचा सीरियल नंबर एकत्र दाखवता आले, तर तीन वर्षांपर्यंत तो परत आलेला माल म्हणून ड्युटीशिवाय येतो. त्यासाठी सीरियल नंबर पहिल्याच बिलावर लिहिलेला असावा लागतो.